पकड, उष्णता आणि लक्ष: हौशी चालकाच्या ट्रॅकवरच्या दोन दिवसांचे विवेचन

पुण्याला वळसा घालून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू मागे टाकत तसेच पुढे गेले, तर अकराशेहून अधिक किलोमीटरनंतर, चेन्नई यायच्या थोडे आधी, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेस ट्रॅक तिथे आहे. क्लब १९५३चा. त्याच्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर होत. १९९० पासून हा स्वतंत्र ट्रॅक आहे: लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. पुण्या-मुंबईचे हौशी चालक आपली रोजची गाडी घेऊन एखाद्या शनिवार-रविवारी तिथे जातात, नाहीतर कोईम्बतूरच्या २.१ किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा अधिक असतो ते ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जातात. अशा ‘ट्रॅक डे’ला शर्यत नसते, क्रमांक नसतात, बक्षीस नसते. पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत, अनुभवानुसार पाडलेल्या गटांत, आपापली गाडी आपल्याला जमेल तितकी चांगली चालवायची, एवढेच.

या दोन दिवसांविषयी बोलताना धाडस, थरार, अंगावर काटा हेच शब्द सतत कानावर पडतात. आयोजकांच्या जाहिरातीही तेच विकतात. माझ्या मते त्यामुळे नव्या माणसाची पहिल्याच पायरीवर दिशाभूल होते. ट्रॅकवर हौशी चालकाच्या हाती तीन मर्यादित साठे असतात. पहिला टायरच्या पकडीचा, दुसरा गाडीच्या उष्णता सोसण्याच्या ताकदीचा, तिसरा त्याच्या स्वतःच्या लक्षाचा. पकड क्षणोक्षणी नव्याने हाती येते. उष्णतेचा साठा दोन सत्रांच्या मधल्या विश्रांतीत भरून निघतो. लक्ष मात्र रात्रीच्या झोपेशिवाय पुरते भरून येत नाही. त्या दोन दिवसांतला प्रत्येक शहाणा निर्णय आणि बहुतेक प्रत्येक अपघात या तीन साठ्यांच्या जमाखर्चातून समजून घेता येतो, आणि तिसरा साठाच पहिल्या दोहोंची मर्यादा ठरवतो. हे कसे, ते क्रमाने पाहू.

पकडीचा हिशेब

गाडीचे चारही टायर रस्त्याला प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेतच टेकलेले असतात. ब्रेक, वेग वाढवणे, वळणे ही तिन्ही कामे याच चार तुकड्यांमधून होतात. चांगल्या रस्त्याच्या टायरवर, कोरड्या डांबरावर, गाडीला मिळणारा कमाल जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.९ पट धरायला हरकत नाही. हा एकच पगार आहे, आणि घरभाडे व शाळेची फी दोन्ही त्यातूनच द्यायची आहेत. वळण्यासाठी सगळी पकड खर्च केली, तर ब्रेक लावायला काही उरत नाही. तशात ब्रेक दाबला की पुढचे टायर सरळ घसरत जातात, किंवा मागचा भाग निसटतो.

मात्र इथली बेरीज साधी नसून वर्गांची आहे, आणि हौशी चालकाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट यातच दडलेली आहे. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळात आडव्या दिशेला वळण्याचा जोर, उभ्या दिशेला ब्रेकचा जोर मांडतात. दोहोंचा एकत्रित बाण वर्तुळाबाहेर जाता कामा नये. आता ०.९ पैकी निम्मी, म्हणजे ०.४५ इतकी पकड वळण्यात गेली असे धरा. ब्रेकला किती उरली? निम्मी नाही. ०.८१ मधून ०.२ वजा करून वर्गमूळ काढले की ०.७८ येते, म्हणजे मूळच्या सुमारे ८७ टक्के. पकडीचा ९० टक्के भाग वळण्यात गेला, तरी ब्रेकसाठी जवळजवळ ४४ टक्के शिल्लक असतो. म्हणून अनुभवी चालक वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नाही. स्टिअरिंग जसजसे वळते, तसतसा पाय हलका करत नेतो. नवशिका आधी सगळा ब्रेक, मग पाय पूर्ण वर, मग स्टिअरिंग असे तीन तुकडे पाडतो आणि प्रत्येक सांध्यावर हाती असलेली पकड वाया घालवतो. पहिल्या दिवशी मात्र त्याने हेच करावे, कारण तुकडे वेगळे असले की चूक कुठल्या तुकड्यात झाली ते कळते. कामे एकमेकांत मिसळणे हा दुसऱ्या दिवसाचा अभ्यास.

आता मार्गाकडे वळू. समजा काटकोनातले वळण आहे आणि त्याच्या मध्यरेषेची त्रिज्या ४० मीटर आहे. गाडीला वापरता येईल अशी रुंदी १० मीटर धरू, म्हणजे आतली कड ३५ मीटरवर आणि बाहेरची ४५ मीटरवर. मध्यरेषा धरून गेल्यास ०.९च्या पकडीत वेग येतो ताशी सुमारे ६८ किलोमीटर. तेच वळण बाहेरच्या कडेवरून सुरू केले, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श केला आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे जाऊ दिले, तर भूमितीने त्या मार्गाची त्रिज्या सुमारे ६९ मीटर होते आणि वेग ताशी ८९. टायर, इंजिन, हवा काहीही बदललेले नसते. रस्त्याची रुंदी पुरती वापरल्यामुळे ताशी २१ किलोमीटर मिळाले. ट्रॅकवर नव्याने येणारा चालक वर्षानुवर्षे आपल्या लेनमध्ये राहायला शिकलेला असतो. बाहेरची कड त्याला धोक्याची वाटते आणि वळणातून निघताना तो गाडीला उगाच आत धरून ठेवतो. शिक्षक पहिल्या सत्रात सर्वांत जास्त वेळा सांगतात ते हेच: गाडी बाहेर जाऊ द्या, जागा तुमचीच आहे.

भूमितीने मिळणारा हा गोल मार्ग सर्वांत वेगवान असतोच असे नाही. वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल, तर आतल्या कडेला स्पर्श करण्याचा बिंदू, म्हणजे अ‍ॅपेक्स, थोडा उशिरा घ्यावा लागतो. बुद्ध सर्किट यासाठी उत्तम उदाहरण आहे. हर्मन टिल्के यांनी आखलेल्या या ५.१२५ किलोमीटरच्या ट्रॅकवर तिसरे वळण चढावर आहे, तिथे शिरताना रस्ता मुद्दाम रुंद केला आहे, आणि त्यातून बाहेर पडल्यावर चौथ्या वळणापर्यंत एक किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा आहे. तिसऱ्या वळणात जरा हळू शिरून, उशिराचा अ‍ॅपेक्स घेऊन, अ‍ॅक्सिलरेटर लवकर आणि ठामपणे दाबता आला, तर फायदा त्या पूर्ण किलोमीटरभर मिळत राहतो. पट्ट्यावरचा सरासरी वेग १३० वरून १३२ झाला, तर एकट्या त्या किलोमीटरवर ०.४ सेकंद वाचते. वळणात शूरपणे शिरून मधेच अडखळणारा चालक प्रवेशापाशी एखादा दशांश सेकंद कमावतो आणि पुढे त्याच्या कित्येक पट गमावतो. सामान्य गाडीला तर हे अधिकच लागू पडते, कारण तिच्या इंजिनाला गमावलेला वेग परत मिळवायला वेळ लागतो. शंभर-एकशेपाच अश्वशक्तीची गाडी म्हणूनच शिकायला उत्तम: ती चूक झाकत नाही.

पकडीबद्दल आणखी एक मुद्दा, वजनाच्या सरकण्याचा. चालकासह १२०० किलोची, सुमारे २.४७ मीटर चाकांतर असलेली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच असलेली हॅचबॅक घ्या. जोरात ब्रेक लावताना, ०.८च्या मंदनात, जवळपास १९५ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातो. मागच्या धुऱ्यावर एरवी ४५० किलो असतील, तर त्या क्षणी २५५ च्या आसपास उरतात. वेगवान वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला, तर हेच थोड्या प्रमाणात घडते. मागची चाके हलकी होतात, गाडी शेपूट फिरवते. इरुंगट्टुकोट्टईचे पहिले वळण, ज्याला तिथे ‘सी-वन’ म्हणतात, मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी येणारे वेगवान उजवे वळण आहे. तिथे नवशिक्याला ही सवय महागात पडू शकते. उपाय एकच: वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत असताना. आत शिरल्यावर पाय स्थिर.

उष्णता

पकडीचा विचार करणारे पुष्कळ भेटतात, उष्णतेचा करणारे थोडे. पण आपलीच गाडी चालवत अकराशे किलोमीटर घरी परतायचे असेल, तर खरा हिशेब इथे आहे.

तीच १२०० किलोची गाडी ताशी १६२ किलोमीटरवरून, म्हणजे सेकंदाला ४५ मीटरवरून, सेकंदाला १५ मीटरवर आणायची आहे. गतिज ऊर्जेतला फरक १०.८ लाख ज्यूल. ०.८च्या मंदनाने याला ३.८ सेकंद आणि ११५ मीटर लागतात. म्हणजे तेवढा वेळ ब्रेक सुमारे २८० किलोवॅट दराने ऊर्जा गिळत असतात, तर एकशेपाच अश्वशक्तीचे इंजिन फार तर ७७ किलोवॅट देते. हौशी चालकाच्या गाडीतले सर्वांत शक्तिशाली यंत्र ब्रेक आहे, इंजिनाच्या साडेतीन पटींहून अधिक. ही ऊर्जा जाते कुठे? तीन चतुर्थांश पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली, दोन्ही मिळून १० किलो ओतीव लोखंड आहे, आणि एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला साधारण ४६० ज्यूल लागतात, असे धरले तर एकाच वेळच्या ब्रेकने डिस्कचे तापमान सुमारे १७५ अंशांनी चढते. पुढच्या पट्ट्यावर वारा थोडी उष्णता काढून नेतो, सगळी नाही. अशी दोन-तीन मोठी ब्रेकिंग प्रत्येक फेरीत असतात, आणि फेऱ्या एकामागून एक चालूच राहतात.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतले पाणी शोषते. ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या अवस्थेसाठी त्याच दर्जाची किमान अट फक्त १५५ अंशांची आहे. कोकणातले किंवा मुंबईचे दोन-तीन पावसाळे पाहिलेले, कधीच न बदललेले ऑइल या आकड्याच्या दिशेने गेलेले असणार. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. परिणामी पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. पॅडचा माल तापून निकामी झाला, तर लक्षण वेगळे: पेडल कडक, उंच, पण गाडी थांबत नाही. पायाला हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत. पेडल मऊ झाले, तर दोन-तीनदा झटपट दाबून दाब तयार करायचा, लगेच वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यायचे आणि ऑइल बदलल्याशिवाय परत बाहेर पडायचे नाही. पेडल कडक राहून पकड गेली असेल, तर थंड होऊ दिल्यावर पॅड बहुधा पुन्हा काम देतात, मात्र तो माल ट्रॅकचा नाही हे कळून चुकलेले असते.

दुपारच्या सत्रानंतर पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, उभे राहिले की हे सगळे नाकाला कळते. गाडी येऊन थांबते. पुढच्या चाकांतून जळक्या राळेचा उग्र वास येतो, रिमच्या आऱ्यांवर काळी-तपकिरी पूड बसलेली असते, बॉनेटवरची हवा थरथरताना दिसते. अनुभवी माणूस उतरण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकतो, हँडब्रेक ओढत नाही, चाकाला लाकडाचा ठोकळा लावतो आणि बॉनेट उघडतो. हँडब्रेक ओढला तर तापलेल्या मागच्या ब्रेकवर पॅड चिकटून राहतात. थांबलेल्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून डिस्कची उष्णता थांबल्यानंतरही काही मिनिटे कॅलिपरमध्ये उतरतच राहते. सत्राची शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, शांतपणे मारायची, त्याचे कारण हेच. सत्र संपल्याचा झेंडा पडल्यानंतरही जोरात येऊन थेट पिटमध्ये थांबणारे चालक पाहिले की मला त्यांच्या गाडीची काळजी वाटते.

टायरचाही उष्णतेशी संबंध आहे, तो हवेच्या दाबातून. सकाळी ३० अंशांच्या हवेत थंड टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. सत्रानंतर आतली हवा ८० अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात दाब वाढून ३७ पीएसआयच्या पुढे जातो. इतक्या दाबाने टायरचा मधला भाग फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत, पकड घटते. म्हणून पिटमध्ये आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, चारही चाकांचा दाब मोजून हवा काढतात, समजा ३३ पर्यंत. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा, त्याचे काम रविवारी संध्याकाळी पडणार आहे.

लक्ष

तिसरा साठा मोजायला कोणतेही मीटर नाही, म्हणूनच तो सर्वांत आधी संपतो आणि संपल्याचे सर्वांत उशिरा कळते.

ताशी १६२ किलोमीटर वेगात एका सेकंदात ४५ मीटर अंतर जाते. तेवढ्यात चालकाला ब्रेकची खूण शोधायची, पाय हलवायचा, गिअर खाली आणायचा, आरशात मागची गाडी पाहायची, मार्शलच्या ठाण्यावर झेंडा आहे का ते पाहायचे आणि वळणाचा आतला बिंदू गाठायचा असतो. रस्त्यावर यांतली बहुतेक कामे सवयीने होतात. ट्रॅकवर पहिल्या दिवशी एकही सवयीने होत नाही. प्रत्येक कामाला जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते आणि साठा भराभर आटतो. चालक सांगतो, “गाडी फार वेगात होती.” बऱ्याचदा गाडीपाशी पकड शिल्लक असते, तिच्याकडे पाहायला त्याच्यापाशी लक्ष उरलेले नसते. माझ्या मते हौशी चालकाच्या चुकांचे हे सर्वांत मोठे मूळ आहे, आणि शक्तिशाली गाडी घेतल्याने ते सुटत नाही, उलट बिकट होते. वेग वाढला की त्याच लक्षाची विभागणी कमी सेकंदांत करावी लागते.

लक्षाची काटकसर डोळ्यांपासून सुरू होते. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वळणदार रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. चालक वळणात शिरण्याच्या एक-दोन सेकंद आधीच वळणाच्या आतल्या कडेवरच्या स्पर्शबिंदूकडे पाहू लागतात, असे त्यांना आढळले. पुढे २००१ मध्ये लँड आणि बेन टॅटलर यांनी इंग्लंडच्या मॅलरी पार्क ट्रॅकवर टॉमस शेक्टर या शर्यतचालकाचा असाच अभ्यास केला. त्याच्या डोक्याची दिशा गाडीच्या वळण्याच्या सुमारे एक सेकंद पुढे चालत होती. नवशिका याच्या उलट करतो, बॉनेटच्या पुढच्या वीस मीटरांकडे पाहत राहतो. त्याला मिळणारी प्रत्येक माहिती उशिराची असते, म्हणून स्टिअरिंग झटक्यांनी फिरते. नजर पुढे गेली की हात आपोआप संथ होतात, आणि वाचलेले लक्ष टायरच्या आवाजाकडे, पेडलच्या स्पर्शाकडे देता येते. टायर बारीक गात असेल, तर तो आपल्या मर्यादेच्या जवळ पण मर्यादेत आहे. आवाज घोगरा आणि मोठा झाला की तो घासत चालला आहे.

शिक्षकाचे मोल इथे आहे. चांगला शिक्षक शेजारी बसून फार बोलत नाही. वळणाच्या बऱ्याच आधी तो हात समोर नेऊन बोटाने अ‍ॅपेक्स दाखवतो आणि गाडी तिथे पोहोचायच्या आतच हात बाहेर पडण्याच्या बिंदूकडे सरकवतो. चालकाची नजर त्या बोटामागून जाते. काही फेऱ्यांनी बोट नसले, तरी नजर जाते. पैसा खर्च करायचा असेल, तर क्रम असा असावा: आधी ताजे ब्रेक ऑइल आणि बरे पॅड, मग चांगले टायर, मग शिक्षक. एग्झॉस्ट आणि इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

ट्रॅकचे नियमही लक्ष वाचवण्यासाठीच आहेत. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात किंवा इंडिकेटरने बाजू दाखवल्यावर. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. लाल झेंडा म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, बहुधा ऑइल सांडले आहे. काळ्यावर नारिंगी गोल असलेला म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतो. या नियमांमुळे ‘समोरचा काय करेल’ या प्रश्नावर लक्ष खर्च करावे लागत नाही. घाटरस्त्यावर नेमका हाच प्रश्न सर्वांत अवघड असतो. पुण्याच्या आसपासच्या घाटांत रविवारी पहाटे वेगात गाड्या मारणारी तरुण मुले मी पाहतो. समोरून दुधाचा टेम्पो येणार की नाही, हे त्यांच्या हातात नसते. तिथे कौशल्य वाढतही नाही, कारण मर्यादेजवळ जाऊन चूक करण्याची आणि ती तपासण्याची सोयच नसते. या मुलांना ट्रॅकपर्यंत आणणे हे मला खरोखर महत्त्वाचे काम वाटते. अकराशे किलोमीटरचे अंतर ही त्यातली मोठी अडचण आहे.

शनिवार आणि रविवार

तीन साठ्यांचा विचार केला की दोन दिवसांची आखणी आपोआप ठरते. सकाळी गाडीची तपासणी: बॅटरी घट्ट, चाकांचे नट टॉर्क पान्याने कसलेले, इंजिनाचे ऑइल वरच्या खुणेपर्यंत, टाकीत पेट्रोल पुरेसे, कारण लांब वळणात ते एका बाजूला जाऊन पंपाला कमी पडू शकते. गाडीत एकही सुटी वस्तू नको. पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली घरंगळली, तर काय होईल, ते सांगायला नको. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, हेल्मेट. मग माहितीसत्र, आणि हमीपत्रावर सही.

सही करण्याआधी विमा समजून घ्यावा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यती, वेगाची चाचणी यांसारखे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅकच्या भिंतीला गाडी लागली, तर खर्च आपल्या खिशातून जाणार असेच धरून चालावे. ज्या गाडीचे नुकसान आपल्याला परवडणार नाही, ती ट्रॅकवर नेऊ नये.

शनिवारी लॅप टायमर बंद ठेवावा, हे माझे ठाम मत. ब्रिटनमधल्या ट्रॅक डेला वेळ मोजायला सहसा मनाईच असते, आणि त्यामागे शहाणपण आहे. आकडा डोळ्यांसमोर असला की लक्षाचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो आणि वळणाकडे कमी उरतो. पहिल्या दिवसाचे काम मार्ग ठरवणे, ब्रेकच्या खुणा ठरवणे, नजर पुढे नेणे. दुपारच्या उन्हात, चेन्नईच्या दमट हवेत, हेल्मेटच्या आत घाम गाळल्यावर चालकाचे लक्ष इंजिनाच्या तापमानाइतक्याच वेगाने बदलते, फक्त उलट दिशेने. सत्रांच्या मध्ये पाणी प्यावे, सावलीत बसावे. शेवटचे सत्र सोडून द्यायला काहीच हरकत नाही. पैसे भरले आहेत म्हणून थकल्या अवस्थेत बाहेर पडणे हा चुकीचा हिशेब आहे.

रविवारी सकाळी बहुतेकांना एक सुखद अनुभव येतो: आदल्या दिवशी अडलेले वळण आता सहज जमते. शरीराने शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, त्याचा हा भाग. पण तेवढ्याच सहजतेने आत्मविश्वासही फुगतो. म्हणून रविवारी मोजणी सुरू करावी, आणि मोजावे ते सर्वांत वेगवान फेरी सोडून बाकीचे. मोबाइलचा जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, म्हणजे सरळ पट्ट्याच्या शेवटी दोन नोंदींत ४५ मीटर अंतर पडते, एवढ्यात अख्खा ब्रेकचा बिंदू हरवतो. सेकंदाला दहा नोंदी घेणारे वेगळे यंत्र लावले, तर हे अंतर साडेचार मीटरवर येते आणि आलेख वाचण्याजोगा होतो. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: लागोपाठच्या फेऱ्यांच्या वेळांत किती फरक पडतो, आणि प्रत्येक वळणात अ‍ॅक्सिलरेटर कुठे पूर्ण दाबला गेला. वेळा एकमेकींच्या जवळ आल्या, तर मार्ग आणि नजर बसली असे समजावे. त्यानंतर एका वेळी एकाच वळणात एकच बदल करावा. पाच ठिकाणी एकदम बदल केला आणि फेरी वेगवान झाली, तर कशामुळे झाली ते कोणालाच सांगता येणार नाही.

रविवारी संध्याकाळी तिन्ही साठ्यांचा उरलासुरला हिशेब पूर्ण करावा लागतो. गरम असताना ३३ पीएसआयवर आणलेले टायर ३० अंशांपर्यंत निवले की २६ पीएसआयवर येतात. महामार्गावर सामान भरलेली गाडी त्या दाबावर चालवली, तर टायरच्या भिंती तापतात, म्हणून हवा पुन्हा भरायची. चाकांचे नट पुन्हा तपासायचे, पॅडची जाडी पाहायची, ब्रेकचे पेडल थंड अवस्थेत कसे लागते ते पाहायचे. राहिला चालक. दिवसभर मोठा वेग पाहिलेल्या डोळ्यांना नंतरचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो. शंभरचा वेग सत्तरसारखा भासू लागतो, आणि हा भास इच्छाशक्तीने जात नाही. म्हणून त्या रात्री निघू नये. श्रीपेरुंबुदूरला मुक्काम करून सकाळी निघावे, आणि बेंगळुरूपर्यंत तरी वेग अंदाजाने न ठरवता स्पीडोमीटरवर पाहूनच ठरवावा.